चौथी ओवी मरीयेला

अन्याय झाला तो आमच्या बोर्डिंगात दळण दळणाऱ्या बाईवर. कधी झाला तेही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नव्हतं’ म्हणायला मोकळा राहू नये. एकोणीसशे तेहेतीस साल, मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळची उपासना, प्रभुभोजनाचा प्याला बायकांच्या बाजूच्या चौथ्या बाकावर आला ती वेळ. (प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात आणि एकाच प्याल्यातून सगळे पितात, ते प्रभुभोजन.) चौथा बाक हा त्या बाईचा बाक. वीसेक वर्षं ती तिथे माझ्या आईच्या शेजारी बसत आली होती. त्या दिवशी आईशेजारची जागा रिकामी होती. बाई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होती. बाप्तिस्मा न झालेले, नुसते बघायला आलेले, पाऊस लागला म्हणून आत शिरलेले लोक तिथे बसतात. तिथवर प्याला जात नाही.

तिच्याबरोबर आणखी एका बाईवर अन्याय झाला. ती म्हणजे मरीया, प्रभूची आई. तिच्या नावाची काठी करून मंडळीच्या पंचांनी या दळणाऱ्या बाईला बडवलं. ती काठी त्यांना तासून देणारा मी. म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नाशिक शहर संपून पेरूच्या बागा लागतात तिथे आमची ख्रिस्ती वस्ती. एक देऊळ (आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात), शाळा, मुलींचं बोर्डिंग आणि एक छापखाना. छापखान्यात मी प्रुफं तपासत असे. वाचायला मी शाळेत शिकलो, लिहायला शिकलो ते पत्रकांवर. पत्रक म्हणजे चार पानं, पातळ कागद, जत्रेत आणि बाजारात फुकट वाटायला. त्याला एक शत्रू लागतो, मधे चार-पाच टोकदार प्रश्न लागतात आणि शेवटी वाचणाऱ्याला हुकूम लागतो: सोड, ऊठ, ये. मला हे फार लवकर जमलं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळवंटात भरणाऱ्या बाजारात मी गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. त्या दिवसांत गावात हिंदूंच्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून सत्याग्रह चालू होता. त्या गर्दीतही मी घुसलो आणि वाटलं, ‘आमच्या देवाच्या दाराला कडी नाही.’ किती सोपं होतं ते लिहिणं! कडी नसली तरी शेवटचा बाक असतो, एवढं खरं पत्रकात मावत नव्हतं.

आदल्या पावसाळ्यात मला सांगण्यात आलं, रोमी लोकांच्या (म्हणजे कॅथलिकांच्या; आम्ही प्रॉटेस्टंट) मरीयाभक्तीवर एक झणझणीत पत्रक लिही. लिहिलं. प्रार्थना तिला करू नये, मेणबत्ती तिला लावू नये, ती मध्यस्थ नव्हे, ती स्वर्गाची राणी नव्हे. यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, आणि तो कोण ते मला ठाऊक आहे. पण चार पानं भरून मी मरीया कोण नव्हे एवढंच लिहिलं होतं. ती कोण होती यावर एक ओळ नाही. आज ते पत्रक हातात घेतलं की वाटतं, मी कुणाच्या तरी घरी गेलो, त्याच्या आईला ‘बाई, तुम्ही राणी नाही बरं का’ एवढंच सांगितलं आणि दिलेलं पाणीही न पिता परत आलो.

ते वाटायला मी देवळालीच्या छावणीत गेलो. तिथे साहेबांच्या बंगल्यांवर गोव्याकडचे स्वयंपाकी असत, सगळे रोमी. त्यातल्या एका म्हाताऱ्याने कांदे चिरता चिरता माझं पत्रक शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं?”

“झालं.”

“तुझी आई आहे?”

“आहे.”

“मी तिला वाटेत बघून ‘बाय, बरी आहेस?’ म्हटलं, तर तुझा बाप माझ्या अंगावर येतो?”

“तो मुद्दा नाही,” मी म्हणालो.

“मुद्दा तू घेऊन जा. कागद ठेव. बोंबील गुंडाळायला होतो.”

मी त्याला मनातल्या मनात अडाणी म्हटलं आणि सायकलवर टांग मारली. अडाणी कोण होता ते कळायला मला आठ महिने लागले.

आता पंच. आमच्या मंडळीचा कारभार पाच पंच पाहतात. मोठे पंच कचेरीत अव्वल कारकून होते. कचेरी सुटली, कारकुनी सुटली नाही. ते देवापुढे प्रार्थना करायला उभे राहिले की वाटे अर्जच वाचतायत. ‘सदरहू इसम’ एवढं म्हणायचं राहत असे. बाकीचे चौघे म्हणजे मोठ्या पंचांना खोकला आला की ‘बरोबर आहे’ म्हणणारे. पाचांत मिळून एक मत आणि तेही उसनं.

त्या वर्षीच्या थंडीत देवळालीतली एक पलटण बदलून गेली आणि साहेबांच्या सामानाचा लिलाव झाला. तिथून पंचांनी वेताच्या, लांब हातांच्या पाच खुर्च्या आणल्या आणि देवळात प्रभुभोजनाच्या मेजाच्या दोन बाजूंना, आमच्याकडे तोंड करून मांडल्या. तोवर पंच आमच्यासारखेच बाकावर बसत आणि आमच्यासारखीच त्यांची पाठ दुखत असे. आता ते टेकून बसू लागले आणि कोण डुलक्या घेतो, कुणाची बायको नवं लुगडं नेसून आली, ते टिपू लागले. एका खुर्चीच्या हातात गोल भोक होतं. साहेब त्यात दारूचा पेला ठेवत असणार. ती खुर्ची मोठ्या पंचांनी घेतली. त्या भोकावर ते आपली टोपी ठेवत. आम्ही सारे मान खाली घालून ‘आमेन’ म्हणत होतो आणि देवाच्या मेजाशेजारी दारूच्या भोकावर टोपी विराजमान होती. त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. रोमी लोकांच्या मेणबत्त्या मात्र मला देवळालीपर्यंत दिसत होत्या.

एप्रिलमध्ये मोठ्या पंचांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्यात लग्न पाळक लावतो, नवरी पांढरं नेसते, शपथा होतात. पण हळद लागतेच, आणि ती जात्यावरच दळावी लागते, आणि दळताना ओव्या म्हणाव्याच लागतात. या खात्यातलं पुरुषांना काही कळत नाही आणि त्यांना तिथे कुणी बोलावतही नाही. हळदीचं जातं धरायला बोर्डिंगातली बाई हवी, हे वस्तीत ठरलेलंच. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. अठराशे शहात्तरच्या दुष्काळात येवल्याच्या बाजूने कुणीतरी तिला मिशनच्या आवारात आणून सोडलं होतं. तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. आईबाप कोण, गाव कोणतं, काही ठाऊक नाही. पुढे लग्न झालं, नवरा प्लेगात गेला, आणि तेव्हापासून बोर्डिंगातल्या पोरींची बाजरी ती दळते. वस्तीतल्या चाळीस वर्षांखालच्या कुठल्याही बाईला विचारा, लहानपणी कुणाच्या हातच्या पिठावर वाढलीस. अर्ध्या जणी मावशीचं नाव सांगतील.

हळदीच्या दिवशी काय झालं ते मला आईने सांगितलं. सांगतानाही तिला हसू आवरत नव्हतं. पहिली ओवी पित्याला झाली, दुसरी पुत्राला, तिसरी पवित्र आत्म्याला. ही आमच्या बायकांची जुनी रीत. मग मावशीने खुंटा बदलून धरला आणि चौथी घातली:

चवथी माझी ओवी ग, मरीये बाई तुला
घट्टे तुझ्या हाताला, देव तुझ्या घरी आला.

“बायका म्हणाल्या, अग बाई, ही नवी! म्हण आणखी,” आई सांगत होती. “तर तिनं लगेच पाचवी घातली.”

पाचवी माझी ओवी ग, बोल तुझा खरा झाला
खुर्चीत बसलेला देवानं खाली ओढला.

“अरे, जातं थांबलं! हसता हसता एकीचा धक्का लागला आणि हळद उडाली सगळ्यांच्या तोंडावर. नवरीसुद्धा हसली.”

“कुणाला उद्देशून होतं ते?” मी विचारलं. मी असाच बोलत असे तेव्हा.

“उद्देशून काय? मरीयेचंच बोलणं आहे ते, तुझ्या शुभवर्तमानात. मोठ्यांना देवानं आसनावरून खाली खेचलं आणि भुकेल्यांना जेवू घातलं, असं ती म्हणाली की नाही पोटात लेकरू असताना? आता ज्याच्या ढुंगणाखाली खुर्ची असेल त्याला टोचलं तर तो मरीयेचा दोष की वेताचा?”

भिंतीपलीकडे मांडव घालण्याचं काम चाललं होतं आणि मोठे पंच उभे राहून ते करून घेत होते. त्यांनी ऐकलं. दारात येऊन म्हणाले, “देवाच्या तीन ओव्या झाल्या ना? पुरे. पुढचं तोंड मिटून दळा.” नवरीच्या बापापुढे लग्नघरात कोण बोलणार? बायकांनी तोंड मिटून दळलं. त्या पोरीला मुक्या जात्याची हळद लागली.

लग्न झालं, पाहुणे गेले, आणि पंचांची बैठक बसली. मला बोलावणं आलं. मोठ्या पंचांच्या हातात माझंच पत्रक होतं, जागोजागी तांबड्या पेन्सिलीने रेघा मारलेलं. माझी छाती फुगली. मला वाटलं, दुसरी आवृत्ती काढतायत.

“मरीयेला आळवणे हे पाप, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर?”

“बरोबर.”

“या बाईने देवाच्या ओव्यांना लागून, त्याच ओळीत, मरीयेला नावाने हाक मारून ओवी म्हटली. ही आळवणी झाली की नाही?”

मी पाचही तोंडांकडे पाहिलं आणि म्हणालो, “म्हटलं तर झाली.”

म्हटलं तर झाली! माझ्या इतक्या पत्रकांत याहून भेकड वाक्य सापडणार नाही. आणि बैठकीची गंमत अशी की पाचव्या ओवीबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. चौथीवर तासभर शास्त्रार्थ, पाचवीचं नाव नाही. खुर्ची हा शब्द उच्चारायला त्यांना लाज वाटत होती, बसायला वाटत नव्हती. खरा घाव बसला होता तिथे पट्टी बांधायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मरीयेच्या पदराआड लपून दगड मारला. रोमी लोक तिच्या पदराआड प्रार्थना करतात म्हणून आम्ही त्यांना हसतो. आमचे पंच तिच्या पदराआड सूड घेतात.

ठरलं असं: मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईने मंडळीसमोर कबुली द्यावी. दिली तर तिथल्या तिथे क्षमा आणि भोजन. न दिली तर देईपर्यंत भोजनाबाहेर, शेवटच्या बाकावर. कबुलीचा मसुदा मी करावा. मी केला. ‘मी मरीयेची आराधना करून मंडळीला कलंक लावला’ असं पहिलं वाक्य. ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा चांगलं उतरलं तेव्हा मला बरं वाटलं, हेही लपवत नाही.

दुपारी तो कागद घेऊन बोर्डिंगाच्या दळणघरात गेलो. मावशी सुपात बाजरी पाखडत बसली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.

“परत वाच,” ती म्हणाली.

वाचलं.

“आराधना म्हंजे?”

“पूजा. देव मानून पाया पडणं.”

“मी केली व्हय?”

“ओवी घातलीस ना, मावशी.”

तिने सूप खाली ठेवलं. “लेका, तू कधी जात्यावर बसलास?”

“नाही.”

“तुझ्या त्या पाच जणांतलं कुणी बसलंय?”

“कुणीच नाही.”

“मंग ओवी काय असती ते तुम्हाला कसं ठावं? ओवी देवाला असती, तशी आईला असती, भावाला असती, शेजारणीला असती. हितला मोटेचा बैल मेला तवा मी त्याला तीन ओव्या घातल्या. मी बैलाची पूजा केली का? विचार जा तुझ्या पंचांला.”

शास्त्रात बैलाचं उदाहरण नव्हतं. मी म्हणालो, “पण मरीयाच का?”

“ती दळायची म्हणून.”

“हे कुठे लिहिलंय?”

“लिवायला कशाला पायजे? देवाचा पोरगा भाकर खात व्हता ना? त्या घरात काय गिरणी व्हती? पीठ कोण दळत व्हतं, तुझी आजी? तीस वर्सं दळलं आसंल तिनं. तुझ्या त्या कागदात हाय का कुठं, चार पानं लिवली म्हणं तू?”

नव्हतं. चार पानांत कुठेच नव्हतं.

“मला आय नाय,” ती म्हणाली. “कोण व्हती, काळी का गोरी, काय म्हाईत नाय. तरीबी मी मरीयेला आय म्हणले नाय, देव म्हणले नाय, काय मागितलंबी नाय तिच्याकडं. बाई म्हणले. तुझ्याबी हाताला घट्टे, माझ्याबी हाताला घट्टे, इतकंच म्हणले. आन् ऐक. सहावी नवरीच्या आयला व्हती. सातवी साहेबांला व्हती. त्यांनी म्हणूच दिली नाय.”

“साहेबांना? मोठ्या पंचांना?”

“मंग? लेकीचा बाप हाय ना तो.” आणि जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून तिने ती म्हणून दाखवली:

सातवी माझी ओवी ग, नवरीच्या बापाला
डोंगरासारखा गडी, पाणी आलं डोळ्याला.

त्यावर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. पाळक म्हणतील तसं मागून म्हण. मिटून जाईल.”

“खोटं बोलून भाकर घ्यायची? मंग ती गिळंल का?” तिने सूप उचललं. “जा बाबा. माझी बाजरी राहिली.”

सातवी ओवी आता मला ठाऊक होती. त्याच संध्याकाळी मोठ्या पंचांच्या ओट्यावर जाऊन एवढ्या दोन ओळी म्हणाव्यात, तर कदाचित त्या माणसालाही पाणी आलं असतं. माझं घर त्यांच्या घरापासून पन्नास पावलांवर. मी गेलो नाही. मसुदा साफ करून देणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

रविवारी देऊळ भरलं होतं. लोकांना प्रवचनाची आवड नसते, कबुलीची असते. आमचे पाळक सज्जन गृहस्थ. सज्जन म्हणजे काय, तर समोर कुत्रं आणि ससा दोघं असले तर ते दोघांसाठीही प्रार्थना करतील आणि डोळे मिटतील. त्यांनी मावशीला मेजापुढे उभं केलं आणि म्हणाले, “बाई, मी वाचतो, तुम्ही माझ्यामागून म्हणा.” पहिलं वाक्य वाचलं. माझं वाक्य. तिसऱ्यांदा चांगलं उतरलेलं.

मावशी पाळकांच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. पाळकांनी पुन्हा वाचलं.

मग ती म्हणाली, “पाळकसाहेब, मी ओवी घातली, ते खरं. पूजा केली नाय.”

“ओवी म्हणजेच पूजा, असं ठरलेलं आहे,” खुर्चीतून मोठे पंच म्हणाले.

“असं ठरलंय?”

“ठरलंय.”

“मंग साहेब, सातवी तुमाला व्हती. तीबी पूजाच म्हणायची का?”

आधी बायकांच्या बाजूने कुणीतरी फिसकन हसलं. मग पुरुषांच्या बाजूने. मग सगळं देऊळ हसलं, शेवटच्या बाकावरच्या लोकांसकट. मोठे पंच इतक्या घाईने उठले की टोपी भोकावरून घरंगळत मेजाखाली गेली. हा मनुष्य खुर्चीतून खाली आला तो असा, आणि आणणारी दळणाऱ्या बाईची एक ओवी, तीसुद्धा न म्हटलेली. त्यांनी विचारलं असतं की सातवी काय होती, तर? विचारलं नाही. “हसू नका! ही देवाची जागा आहे!” एवढंच ओरडले. पाळकांनी डोळे मिटले. बाकीचे चौघे म्हणाले, बरोबर आहे.

शेवटच्या बाकाकडे तिला कुणी नेलं नाही. ती स्वतःच पदर खांद्यावर घेऊन चालत गेली, मधल्या वाटेने, सगळ्यांसमोरून, आणि जाऊन बसली.

मग भाकर फिरली, मग प्याला. आमच्याकडे प्याला एकच. हातोहात बाकांवरून जातो. चौथ्या बाकावर आला तेव्हा मी पुरुषांच्या बाजूने पाहत होतो. आईने तो दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ धरून ठेवला. ओठाला लावला नाही. तसाच पलीकडच्या बाईला दिला. तीस वर्षांत तिने भोजन चुकवलेलं नव्हतं.

आणि तोच प्याला फिरून माझ्याकडे आला तेव्हा मी प्यालो. सगळ्यांबरोबर, डोळे मिटून, भक्तिभावाने. इथे पंचांवर मी जेवढा थुंकलो त्यातला अर्धा वाटा माझा आहे, वाचणाऱ्याने तो मोजून घ्यावा.

घरी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “पीठ मावशीकडचं आहे. आराधना होत नसेल तर खा.”

त्यानंतर मी मरीयेवर दुसरं पत्रक लिहिलं, ती कोण होती याचं. नाझरेथसारख्या कुणी न विचारणाऱ्या खेड्यातली पोर. देवाचा निरोप आला तेव्हा तिने ना पंचांना विचारलं, ना पाळकाला. ‘होय’ म्हणाली, आणि त्या एका शब्दाने गावात आपलं काय होईल ते तिला ठाऊक होतं. गोठ्यात बाळंत झाली. परक्या मुलखात पळाली. तीस वर्षं घर सांभाळलं. तिच्या मुलाला खांबावर चढवलं तेव्हा ज्यांना पुढे आपण मोठे प्रेषित म्हणतो ते बहुतेक पळाले, आणि ती उभी राहिली. शास्त्रात ती शेवटची कुठे दिसते? शिष्य जमले त्या माडीवर, इतरांबरोबर, गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्यांत. कुणी तिच्यापुढे गुडघे टेकले असं तिथे नाही. ती सगळ्यांच्या ओळीत आहे. मला एवढंच म्हणायचं होतं. तिला ओवाळू नका. तिचं ऐका. तिच्या ओळीत बसा. देवाने दीनांना उचललं हे ती म्हणाली, ते खरं मानता की नाही ते सांगा. प्रॉटेस्टंट माणसाने मरीयेचा मान राखायचा तो असा. तिच्या तसबिरीला नाक मुरडलं की आपला धर्म शुद्ध झाला असं समजणारे लोक तिला मान देत नाहीत आणि देवालाही देत नाहीत. ते आपल्या नाकाला मान देतात.

छापखान्याच्या व्यवस्थापकांनी हस्तलिखित वाचून परत दिलं. “चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण यात शत्रू कोण?”

मी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

तीन वर्षं झाली. खुर्च्या तिथेच आहेत, टोपी तिथेच आहे. मावशी शेवटच्या बाकावर आहे. एक रविवार चुकली नाही, आणि कबुली दिलेली नाही. रोज बाजरी दळते, आणि तिने दळलेल्या पिठाची भाकर प्रभूच्या मेजावर मोडली जाते, कारण मेजावरची भाकर बोर्डिंगातच भाजतात. तिच्या हातचं चालतं, तिचा हात चालत नाही. यापेक्षा निर्लज्ज सोवळं मी गावातल्या कुठल्या देवळात पाहिलेलं नाही. त्यांच्यावर तर मी पत्रकं काढली होती.

मी आता प्याला ओठाला लावत नाही. आईसारखाच पुढे देतो. बरेच दिवस मला वाटत होतं की हा मोठा निषेध झाला. गेल्या महिन्यात मी हे सगळं लिहायला बसलो तेव्हा आईने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, “काय लिहितोस?”

“मावशीचं.”

“लिही. पण ती काही कागदाची भुकेली नाही,” ती म्हणाली. “मी प्याला पुढे देते, तू पुढे देतोस. मागे कोण नेणार?”

ते मला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं, पत्रकानेही नाही. तेव्हा या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो मागे नेणार आहे. माझं काय होईल ते पंच ठरवतील. त्यांना तेवढं एक काम येतं.

आणि तुम्ही, जे हे वाचून हळहळत बसला आहात, तुमच्या देवळात प्याला असेल, नाहीतर तीर्थ असेल, नाहीतर नुसती जेवणाची पंगत असेल, आणि शेवटचा बाकही असेलच. ‘हो, हो, वाईट झालं’ म्हणू नका. मला पत्र लिहू नका. मरीयेला हार घालू नका. पुढच्या वेळी ते भांडं तुमच्या हातात आलं की शेजाऱ्याला देऊ नका. उठा, पाठ खुर्च्यांकडे करा, मधल्या वाटेने चालत दारापर्यंत जा, आणि तिथे जी बसली असेल तिच्या घट्टे पडलेल्या हातांत ते द्या. तिच्या आधी तुम्ही पिऊ नका.